पुरवणीचा दोरा

निकाल एक वाजता आहे. आत्ता बाराला दहा कमी आहेत आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झालेय, कारण घरात तेवढीच एक जागा गार आहे. बाहेर मे महिना असा तापलाय की गल्लीतली कुत्री आमच्या मोरीच्या तोंडाशी येऊन पडलीत. मी झोपायला म्हणून पडलेले नाही. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही, तो आता भरदुपारी कशाला लागेल? मी नुसती पडलेय आणि डाव्या तर्जनीला गुंडाळलेला दोरा उजव्या हाताने गोल गोल फिरवतेय.

दोरा पांढरा आहे, वीतभर लांबीचा, आणि त्याच्या एका टोकाला मेण लावलेलं आहे. आईला वाटतं मी कुठला तरी नवस बोललेय. मीही तिला तसंच वाटू दिलंय.

बाहेरच्या खोलीत माझा मोठा भाऊ बालाजी मोबाइल घेऊन बसलाय. तासभर आधीपासूनच तो दर पाच मिनिटांनी बोर्डाची वेबसाइट उघडतो आणि बंद करतो.

"रेणे, सीट नंबर सांग परत."

मी सांगते. सकाळपासून चौथ्यांदा. त्याला तो पाठ झालाय हे मला माहीत आहे. काहीतरी करत राहायचं म्हणून तो विचारतो, आणि काहीतरी बोलत राहायचं म्हणून मी सांगते.

बारावीच्या निकालाची धास्ती सगळ्यांनाच असते. माझी जरा निराळी आहे. मी पेपरात छापून आलेली मुलगी आहे. दर वर्षी परीक्षेच्या दिवसांत एक बातमी येते, तुम्हीही वाचली असेल: वडिलांचं पार्थिव घरात, लेकीने दिला बारावीचा पेपर. यंदाची ती लेक मी. बातमीत मी 'अश्रू गिळून', 'धीरोदात्तपणे' वगैरे गेले होते. गावातल्या एका पुढाऱ्याने तर सत्काराचा फलकही करून ठेवलाय. त्यावर माझं नाव आहे, कोपऱ्यात अण्णांचा हार घातलेला फोटो आहे, आणि टक्क्यांची जागा तेवढी मोकळी ठेवलीय. ती जागा मोकळीच राहणार आहे.

कारण इंग्रजीत मी नापास होणार आहे. आणि का होणार आहे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

अण्णा आमच्या गावच्या हायस्कुलात शिपाई होते. सव्वीस वर्षं. मुलं त्यांना घोडकेमामा म्हणायची. दहावी-बारावीचं केंद्र तिथंच असायचं, आणि परीक्षेच्या दिवसांत रोज संध्याकाळी अण्णा घरी बसून दुसऱ्या दिवशीच्या पेपरचे दोरे कापायचे. पुरवणी उत्तरपत्रिकेला बांधायला जो दोरा देतात ना, तो. सगळ्या केंद्रांवर नुसता कापून देतात. अण्णा मेणबत्ती पेटवायचे आणि प्रत्येक दोऱ्याचं एक टोक मेणात बुडवून बोटांनी वळायचे. "पोरांचं हात कापत्यात शेवटाला," ते म्हणायचे. "टोक फुटलं की भोकात जात न्हाई. मग पुरवणी सुटी ऱ्हाती." आई ओरडायची, कारण फरशीवर मेणाचे थेंब पडायचे आणि ते तिलाच खरवडावे लागायचे. अण्णा स्वतः दहावीला इंग्रजीत तीनदा नापास झालेले. दुसऱ्यांच्या पुरवण्यांची एवढी काळजी त्यांना का, हे मी कधी विचारलं नाही.

यंदा बारावीचा पहिला पेपर इंग्रजीचा. आदल्या संध्याकाळी त्यांनी तीनशे चाळीस दोरे केले. पहाटे पाचला शाळा उघडायला निघाले, आणि चप्पल पायात सरकवता सरकवता अंगणात खाली बसले ते बसलेच. सात वाजता शाळेतून माणूस आला. तो आधी किल्ल्या आणि दोऱ्यांची जुडी मागायला आला होता, रडायला नंतर.

मग काकांनी विचारलं, "घरात दोरा हाय का? अंगठं बांधाय पायजेत." गेलेल्या माणसाच्या पायाचे अंगठे एकत्र बांधतात. बालाजीने आतून अण्णांचंच रीळ आणून दिलं. काकांनी दोरा तोडला, आणि मी उठले, हॉलतिकीट घेतलं आणि चालू पडले. एवढंच. धीरोदात्त वगैरे काही नाही. मला ते अंगठे बघवले नाहीत.

पेपरला पहिले दीड तास मी काय लिहिलं देव जाणे. उताऱ्यातलीच वाक्यं उत्तर म्हणून उतरवून काढली. मग कधीतरी डोकं ताळ्यावर आलं. जे खरोखर येत होतं ते सगळं मी पुरवणीत लिहिलं. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा वर्गावरच्या पर्यवेक्षक शिंगाडे मॅडमनी माझ्या बाकावर दोरा ठेवला. मी उचलला, आणि त्याचं टोक कडक लागलं. मेण. त्यावर अण्णांच्या बोटांचा पीळ होता. हा बांधला की गेला, बोर्डाच्या गठ्ठ्यात, कायमचा. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांनी आपापले दोरे बांधले. मी माझा मुठीत धरला, पुरवणी उत्तरपत्रिकेत तशीच सुटी सरकवली, आणि हात खाली घातला.

दुसऱ्या पेपरपासून दोरे साधे आले, मेणाशिवाय. ते मी सगळे बांधले.

तर अशी पुरवणी. हातोहात फिरताना कुठं तरी गळून पडली असणार. मी दोरा फिरवते. मोरीत नळ ठिबकतोय. बालाजीने परत सीट नंबर विचारलाय बहुतेक, पण त्याचा आवाज भिंतीपलीकडच्या भिंतीतून येतो. फरशीचा गारवा पाठीत चढतो. नळ ठिबकतो, जरा थांबतो, ठिबकतो, आणि मग तो नळ नसतो, तो टोल असतो. दोन जोरात, एक हळू. तसा टोल अण्णाच देतात.

मी शाळेच्या व्हरांड्यात उभी आहे. फरशी आमच्याच स्वयंपाकघरातली आहे, कोपऱ्यातल्या तुटक्या लादीसकट. वर्गाबाहेर चपला काढून ठेवल्यात, परीक्षेला ठेवतात तशा, ओळीने. मला माझी चप्पल काढायची आहे पण जागा नाही. नीट बघते तर सगळ्या चपला अण्णांच्या आहेत. प्रत्येक जोडातल्या डाव्या चपलेचा अंगठा नवा लावलेला आहे, तपकिरी चपलेला काळा अंगठा. मी मोजत नाही. किती आहेत ते मला माहीत आहे.

वर्गात गेल्यावर बाक आहेत, आणि मॅडमच्या टेबलापाशी आई भाकरी थापतेय. ती मान वर करत नाही. "मागं जा," ती म्हणते, "तुझा नंबर मागं हाय." मी मागे जाते. मागचं दार आहे तिथं दार नाही, गठ्ठ्यांची खोली आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेत, कापडात शिवलेले. मधोमध खाली अण्णा बसलेत. पांढरा शर्ट, त्या सकाळी घातलेला, कडक इस्त्रीचा. समोर मेणबत्ती आहे आणि रीळ आहे.

"आलीस व्हय?" ते म्हणतात.

मला वाटलं होतं मी ओरडेन, जाऊन बिलगेन. तसं काही होत नाही. मी दारात उभी राहून म्हणते, "तुम्ही इथं काय करताय?"

"बसलोय. दुसरं काय करनार? हालता येत न्हाई." ते पाय पुढे करतात. अंगठे बांधलेले आहेत. "तुझ्या काकाची कला. गाठ बघ कसली मारलीय. आमच्या शाळंत असता तर पयल्याच दिवशी घालवला असता."

मला हसू येतं. मी त्यांच्या पायांकडे बघत नाही, मेणबत्तीकडे बघते.

"अन् उठता येत असतं तरी उठलो नसतो," अण्णा म्हणतात. मांडी जरा उचलून ते खालून एक कागद काढतात. चार पानं, घडी न घातलेली. माझं अक्षर. "ही सुटी हुती. पंख्यानं उडाय लागली. मांडीखाली धरून बसलोय तवापासनं."

"तीन महिने?"

"मग काय उडू द्यायची? लेकराचं वर्ष जातंय."

मी त्यांच्या समोर बसते. ते पुरवणी उलटी सुलटी करून बघतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण माझ्या अक्षरावरून बोट फिरवत ते प्रत्येक ओळ बघतात, शेवटच्या ओळीपर्यंत. पूर्वी माझी वही बघायचे तसे.

"ह्यात माझं काय लिवलंस का?"

"नाही अण्णा. झाडं लावा म्हणून लिहिलंय."

"झाडं?"

"तसा प्रश्न होता. लोकांना आवाहन करा असा."

"बरंय की," ते म्हणतात. "झाडं बी बरी." पण मला दिसतं की त्यांना जरा वाईट वाटलंय, आणि मला झाडांचा राग येतो.

एसटी चाललीय. आम्ही मागच्या बाकावर आहोत, मांडीवर गठ्ठे. अण्णांनी मला खिडकीची जागा दिलीय, नेहमी देतात तशी. गाडीत बाकी कुणी नाही, कंडक्टरसुद्धा नाही, फक्त घंटीची दोरी हलतेय. पुरवणी अण्णांनी पुन्हा मांडीखाली घातलीय. खिडकीबाहेर रस्ता नाही, आमचं अंगण आहे. गाडी धावते आणि अंगण तिथंच राहतं. माणसं जमलीत. कुणीतरी खांबाला टेकून बिडी ओढतंय.

"कोण गेलंय?" मी विचारते.

"कोन न्हाई," अण्णा म्हणतात. "शाळंतला शिपाई."

ते इतक्या सहज म्हणतात की मला खिडकी बंद करावीशी वाटते. काच सरकत नाही. अंगणातून एक मुलगी बाहेर येते, गणवेशात, हातात हॉलतिकीट आणि पेन. तिची वेणी एका बाजूची सुटलीय. ती मागे बघत नाही.

"ती बघ निघाली," अण्णा म्हणतात, आणि मनगटावरचं घड्याळ बघतात. त्यांचं घड्याळ बालाजीकडे आहे, तरी ते मनगट बघतात. "येळंत निघाली. बरं झालं."

"पळून चाललीय ती."

"अकराचा पेपर हाय. अकराला न्हाई जायाचं तर कवा जायाचं?"

"तुमच्याजवळ थांबायला पाहिजे होतं. तुम्हाला फरशीवर टाकून गेले मी. सगळे म्हणतात मी धीराची. पेपरात छापून आलंय, अण्णा. आणि मला नुसतं तुमच्या पायांकडं बघवत नव्हतं."

ते खिडकीबाहेर बघत राहतात. अंगणातली मुलगी कोपऱ्यावरून वळते. मला वाटतं ते रागावलेत, आणि तीन महिने मी याच क्षणाची वाट बघत होते, निकालाची नाही. निकाल एक वाजता कळेलच. हे मला कोण सांगणार होतं?

"मला बी बघवत न्हाईत," अण्णा शेवटी म्हणतात. ते दोन्ही पाय उचलून गठ्ठ्यावर ठेवतात. "सोड की."

मी गाठ सोडायला घेते. काकांनी ती खरोखरच वाईट मारलीय. एकावर एक, ओढून. नखं लागत नाहीत. अण्णांचे पाय गार आहेत, आमच्या फरशीसारखे, आणि टाचांना त्याच जुन्या भेगा आहेत ज्यांना आई रात्री कोकमाचं तेल लावायची. मी वाकून दातांनी एक पदर ओढते. गाठ सुटते. दोरा माझ्या हातात येतो, वळकटलेला, दोन्ही टोकांना फुटलेला.

अण्णा अंगठे हलवतात. एक, मग दुसरा. "हां," ते म्हणतात, आणि त्यांचा चेहरा तसा होतो, जसा शाळा सुटल्यावर घरी येऊन चहाचा पहिला घोट घेताना व्हायचा.

"आता तो दी." ते माझ्या मुठीकडे बघतात.

मी मूठ मागे घेते. "हा नको."

"अगं, पुरवणी सुटी हाय."

"या दोऱ्यानं बांधा की. अंगठ्याच्या." मी सोडलेला दोरा पुढे करते.

ते तो घेतात. गठ्ठ्यातून माझी उत्तरपत्रिका त्यांनी कधी काढली कळत नाही, पण ती त्यांच्या मांडीवर आहे, वरच्या कोपऱ्यात भोक पाडलेलं. ते पुरवणी तिच्यावर नीट ठेवतात, भोकावर भोक. दोऱ्याचं टोक ओलं करून बघतात, बोटांत वळून बघतात. मनापासून बघतात, माझं मन राखायला नाही. मग मला दाखवतात.

"टोक फुटलंय. भोकात जात न्हाई."

"मेण लावा. मेणबत्ती आहे की."

"विझली ती."

मेणबत्ती खरंच विझलीय. आम्ही एसटीत नाही. चार नंबरच्या वर्गात आहोत, मी माझ्या बाकावर आणि अण्णा बाकाच्या कडेला उभे, पर्यवेक्षकासारखे, पण अनवाणी. बाकीचे बाक रिकामे आहेत आणि प्रत्येकावर उत्तरपत्रिका आहे, पुरवणी बांधलेली. माझीच तेवढी राहिलीय.

"अण्णा, हा दिला तर माझ्याकडं काय राहील?" मी म्हणते. "तुमचे कपडे काकांनी वाटून टाकले. घड्याळ बालाजीला दिलं. किल्ल्या शाळेनं नेल्या. तीनशे चाळीसातले तीनशे एकोणचाळीस बोर्डाला गेले. एवढा एक आहे."

"नापास व्हशील की."

"होऊ दे."

"तुला काय वाटतं, मी ते कशापायी करत हुतो? ठिवायला?" ते चिडलेत. जिवंत असताना ते माझ्यावर क्वचितच चिडायचे, आणि चिडले की असेच, आवाज न वाढवता. "दोरा बांधाय असतोय, लेकी."

मी मूठ उघडत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येतं आणि ते बाकावर पडतं, आणि मला भीती वाटते की उत्तरपत्रिका भिजेल. अण्णा ती बाजूला सरकवतात.

"पास होईन का मी, अण्णा?" मी विचारते. "तुम्हाला तरी कळलं असेल."

"मला कोन सांगतंय?" ते म्हणतात. "शिपाई मानूस. निकाल सायबाच्या कपाटात असतोय, तिथं बी अन् हितं बी." मग ते हळूच म्हणतात, "मला बी झोप न्हाई. तीन म्हैनं झालं."

ते ऐकून माझ्यातलं काहीतरी सैल होतं. मला वाटत होतं की धास्ती एकट्या माझी आहे.

"आणि झालेच नापास तर?"

"तीनदा झालोय मी. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून च्या घेतला. च्या तसाच लागला." ते हात पुढे करतात. पंजा उघडा, करंगळीच्या बाजूला मेण वाळलेलं. "पर आपल्या चुकीनं न्हाई व्हायाचं. दी."

मी बोटावरचा दोरा सोडवते. तीन महिने रोज गुंडाळलेला दोरा सरळ व्हायलाच तयार नाही, तो त्यांच्या हातात वेटोळा होऊन पडतो. ते मेणाचं टोक धरतात आणि ते एका झटक्यात भोकातून पलीकडे जातं. किती सोपं होतं ते. दोन गाठी, एक साधी, एक उलटी. उरलेलं टोक ते दातांनी तोडतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. तांदळाच्या दाण्याएवढं.

"हे ऱ्हाऊ दी तुला."

बाहेर टोल होतो. दोन जोरात, एक हळू. मला कळत नाही तो कोण देतंय, कारण अण्णा तर इथंच आहेत. मग ते इथं नाहीत. ते दारात आहेत, त्यांनी चप्पल घातलीय, काळ्या अंगठ्याची.

"शेवटची धा मिन्टं," ते वर्गाला सांगतात, रिकाम्या बाकांना. "पुरवण्या बांधा रे! अन् आता कुनी भाईर जायाचं न्हाई."

"अण्णा!"

"कुनी म्हंजी कुनी न्हाई," ते माझ्याकडे बघून म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतला घोडकेमामा येतो, जो स्वतःच्या पोरीलाही नियम मोडू द्यायचा नाही. दार लागतं. कडी पडल्याचा आवाज येतो. मी उठायला बघते पण बाक छातीशी आलाय, आणि शेवटची दहा मिनिटं वर्गाबाहेर जाता येत नाही, हे मला पहिलीपासून माहीत आहे. व्हरांड्यातून त्यांचा आवाज लांब जातो. पुरवण्या बांधा रे. पुढच्या वर्गापाशी. पुरवण्या बांधा. त्याच्या पुढच्या. मी ऐकत राहते. मग नळ ठिबकतो.

"रेणे! अगं रेणे, लागला!"

बालाजी मोबाइल माझ्याकडे धरून दारात उभा आहे. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून बारा मिनिटं झालीत. माझा गाल फरशीला चिकटलाय.

"अडुसष्ट टक्के! सगळ्यात कमी इंग्रजी, पण इंग्रजी एकावन्न. एकावन्न, रेणे! मी तुला काय म्हणलो हुतो?"

त्याने मला असं काहीच म्हटलं नव्हतं. तो आता रडतोय. आई परसातल्या चुलीपासून पिठाच्या हातांनी येते, मला तशीच जवळ घेते, आणि "आज ते पायजे हुते" असं म्हणत हुंदके देते. मीही रडते. त्यांना वाटतं मी त्याच कारणाने रडतेय. बाहेरच्या खोलीत आईचा मोबाइल वाजतो. टक्के विचारायला कुणीतरी फोन केलाय, फलकवाला असेल.

मी आईच्या खांद्यावरून माझा डावा हात बघते. तर्जनीला पांढुरका वळ आहे, गोल गोल, पाच वेढ्यांचा. दोरा नाही.

मी आईच्या हातातून सुटते. फरशीवर बघते, मोरीत बघते, डब्यांच्या मांडणीखाली हात घालते. अंगाखालची ओढणी झटकते. बालाजी म्हणतो, "अगं मार्क बघ की, खाली काय बघतीस?" मी ओट्याखाली वाकते. तिथं कालचा एक कांदा आहे आणि धूळ आहे.

"काय हुडकतीस?" आई विचारते.

"दोरा."

"बोटाचा? अगं जाऊ दी तो. नवस फिटला की आता."

"नवसाचा नव्हता तो," मी म्हणते. उकिडवी बसूनच म्हणते, तिच्याकडे न बघता. "पुरवणीचा होता. पहिल्या पेपरचा. अण्णांनी केलेला. मी बांधलाच नाही, आई. मी पुरवणी सुटी ठेवली आणि दोरा घरी आणला."

बालाजी मोबाइल खाली करतो. आईला कळायला वेळ लागतो, आणि कळतं तेव्हा तिचा हात आपोआप तोंडावर जातो. गालाला पीठ लागतं.

"मग एकावन्न कसं पडलं?" ती विचारते.

मला काय माहीत? कुणीतरी भला माणूस असेल, ज्याने गठ्ठ्यातली सुटी पानं जपून ठेवली असतील. मी उठायला म्हणून उजवा हात फरशीवर टेकते, आणि तेव्हा कळतं की ती मूठ मी मघापासून उघडलेलीच नाही. उघडते. तळहाताच्या रेषेत एक कण चिकटलाय. तांदळाच्या दाण्याएवढा. मेण, आणि त्यात वळलेला दोऱ्याचा इवलासा तुकडा, दातांनी तोडल्यासारखा.

आई शेजारी बसते. ती त्या कणाला नखाने स्पर्श करते. हे मेण तिने सव्वीस वर्षं फरशीवरून खरवडून काढलंय, तिला सांगावं लागत नाही.

"मऊ हाय अजून," ती म्हणते.

"मे महिना आहे, आई," मी म्हणते. "मऊ असणारच."

"व्हय," ती म्हणते, आणि माझी बोटं एकेक करून मिटते.